कुत्र्याने काय खाल्लं? आधी पुडी शोधा

थंडी पडली की रत्नागिरी, देवगडकडे कलमांना मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे येतात आणि मग फवारणीचे पंप सुरू होतात. हे बघा, पंपातलं उरलेलं औषध बुंध्यापाशीच ओतलंय, आणि वाडीतला कुत्रा नेमका तिथेच लोळतोय. नंतर तो अंग चाटणार, म्हणजे औषध पोटात गेलंच. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं असेल तर लाळेच्या तारा लागतात, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, शी-शू जागच्या जागी, अंग थरथरतं, श्वास घरघरतो. डॉक्टरकडे यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं. गाडी येईपर्यंत हातमोजे घालून त्याचं अंग साबणाने धुऊन घ्या.

कुत्रा तडफडायला लागला की आपल्याकडे पहिला संशय कोणावर, तर भाऊबंदावर! 'त्यानेच काहीतरी घातलं असणार.' असेलही, नाही असं नाही, पण आधी आपल्या माळ्यावर चढून बघा. सुपारी, भात, काजूबिया साठवल्या की उंदीर येणार, आणि आपणच सुक्या बोंबलाला औषध लावून कोपऱ्यात ठेवलेलं असतं. ते उंदरासाठी आहे हे मांजराला कोण सांगणार?

काळपट पावडर असेल तर बहुतेक झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो, आणि १५ मिनिटांपासून चार तासांत त्रास सुरू होऊ शकतो. ओकारीला लसणासारखा नाहीतर कुजक्या मासळीसारखा वास येतो, मुद्दाम हुंगायला जाऊ नका, तो गॅस माणसालाही बाधतो. गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा.

अशा वेळी खळ्यात पाच माणसं जमतात आणि पाचही जण म्हणतात, 'रे, तेका दूध पाज आधी!' दुधाने विष मरत नाही. झिंक फॉस्फाइड असेल तर पोटात काहीही गेलं की आम्ल वाढतं आणि गॅसही वाढतो. तेल-तूप फुफ्फुसात जाऊ शकतं. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रकार तर त्याहून वाईट, रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, म्हणजे एका विषावर दुसरं विष. ओकवायचं की नाही ते डॉक्टरला ठरवू द्या. तुम्ही फोन लावा आणि काय खाल्लं, किती वाजता, जनावराचं वजन अंदाजे किती एवढं सांगा. पुडी, बाटली, नुसता फाटका लेबलचा तुकडा सापडला तरी सोबत घ्या, ओकारी डब्यात झाकून घ्या.

किनाऱ्यावर वेगळीच तऱ्हा. रापण ओढली की जाळ्यातला केंड, तो फुगणारा मासा, वाळूत फेकून देतात. त्यातल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषावर उतारा नाही, शिजवूनही ते जात नाही. पाय लटपटतात, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात, तेव्हा वाचायचा रस्ता एकच, विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास. पावसाळ्यात कुत्र्याने भेडूक तोंडात धरला तर डोकं खाली करून तोंड पाण्याने बाहेरच्या बाजूला धुवा, घशात पाणी सोडू नका. आणि मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच नाही, ५०० ची एक गोळीसुद्धा जीव घेते.

सगळ्यात फसवं विष म्हणजे उंदीर मारायची ब्रोमॅडिओलोनची वडी. कुत्रा ती खातो आणि दोन-तीन दिवस मजेत उंडारतो, शेपूट हलवतो, जेवतो. आत मात्र रक्त गोठवणारं के जीवनसत्त्व संपत चाललेलं असतं. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, धाप लागते. म्हणून वडी खाताना दिसला तर त्रासाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी न्या. के-१ च्या गोळ्या तीन-चार आठवडे चालतात, कुत्रा बरा दिसतोय म्हणून मधेच थांबवू नका, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठायची टेस्ट करून घ्या.