गाडीत पाणी सगळ्यांच्याच येतं

श्रोतेहो, नमस्कार. मोटार बनवणारी एखादी कंपनी आपले उतरलेले नाव कसे सावरते आणि खप कसा वाढवते, हा आजचा विषय आहे. परंतु माझ्या थोरल्या मेव्हण्यांच्या गाडीची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

मेव्हण्यांनी मोठ्या हौसेने नवी गाडी घेतली. कंपनीचे नाव मी घेत नाही. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, शोरूमवाल्यांनी बॉनेटवर भलीमोठी रिबीन बांधून सर्वांचा फोटो काढला. (हे रिबिनीचे खूळ कोणी काढले कोण जाणे, तोच खर्च मेकॅनिकच्या शिक्षणावर केला तर बरे होईल.) मृगाचे दोन पाऊस पडले आणि पुढच्या डाव्या सीटसमोरच्या मॅटखाली पाणी साचले. आठवडाभरात गाडीला भिजलेल्या गोणपाटाचा वास येऊ लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने मोबाइलवरची नजर न काढता सांगितले, "काका, पावसाळ्यात थोडं पाणी सगळ्यांच्याच गाडीत येतं." मेव्हण्यांनी तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा कार्पेट वाळवून मिळाले आणि तिसऱ्या वेळी त्याचे बिलही हाती आले.

शेवटी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, पुढच्या काचेखालची प्लॅस्टिकची जाळी काढली आणि घरातून मागवलेल्या चमच्याने गुलमोहराच्या बारीक पानांचा ओंजळभर लगदा बाहेर काढला. काचेवरून ओघळणारे पाणी वाहून जाण्याची वाटच त्या लगद्याने बुजवली होती, त्यामुळे ते ब्लोअरच्या तोंडातून आत उतरत होते. गॅरेजवाल्याने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.

श्रोतेहो, गाडीत खोट नव्हती. पुन्हा सांगतो, गाडीत खोट नव्हती. तरीही मेव्हणे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत त्या तरुणाची नक्कल करून दाखवू लागले, आणि आमच्या नात्यातली निदान तीन घरे त्या शोरूमची पायरी चढली नाहीत. कंपनीच्या जाहिराती त्या काळात रोज टीव्हीवर झळकत होत्या.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू. ह्युंदाईने १९८६ साली अमेरिकेत पाऊल ठेवले आणि स्वस्ताईच्या जोरावर पहिल्याच वर्षी दीड लाखांहून अधिक गाड्या विकल्या; पुढे तक्रारींनी नाव इतके खाली आले की १९९८ मध्ये खप नव्वद हजारांच्या आसपास उरला. त्याच वर्षी कंपनीने इंजिन आणि गिअरबॉक्सवर १० वर्षांची किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. अशा वॉरंटीने गिऱ्हाइकाची भीती जाते हे खरे, पण माझ्या मते तिचा मोठा गुण असा की दुरुस्तीचा खर्च कंपनीच्याच खिशातून जाऊ लागतो, आणि खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ लागला की कारखान्यातले दोष कारखान्यातच शोधावे लागतात.

आपल्याकडचे उदाहरण टाटा मोटर्सचे. इंडिका म्हणजे टॅक्सीवाल्यांची गाडी, हा शिक्का कंपनीच्या अंगावर बरीच वर्षे राहिला. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत २०१८ च्या ऑगस्टमध्ये चार तारे मिळाले. कंपनीने गाडीत सुधारणा केल्या, ती पुन्हा चाचणीला पाठवली, आणि डिसेंबरमध्ये पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली मोटार ठरली. "अॅव्हरेज किती देते?" एवढेच विचारणारे गिऱ्हाईक "स्टार किती आहेत?" हेही विचारू लागले. २०२४ मध्ये तर याच कंपनीची पंच ही देशात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली आणि मारुतीची अनेक दशकांची मक्तेदारी त्या वर्षापुरती मोडली.

अर्थात पाच तारे मिळवलेली मोटारही गुलमोहराखाली उभी राहते, आणि तिचा मालकही कधीतरी सर्व्हिस काउंटरवर जाऊन उभा राहतो.

मेव्हण्यांची पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे. मृग लागण्याआधी ते स्वतः जाळी काढतात, आणि त्या कामाचा चमचा त्यांनी डॅशबोर्डच्या खणातच ठेवला आहे.