शॉकनंतर काय आठवत नाही, हे कोणी विचारायचे?

नमस्कार. आरोग्य संशोधनाचे प्रश्न ठरवतानाच रुग्णांना सोबत घेणे, म्हणजे संशोधनातला लोकसहभाग, हा आजचा विषय. एक काल्पनिक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तीव्र नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल असलेल्या एका बाईंना काल शेवटचा शॉक दिला आहे. आज सकाळच्या राउंडला डॉक्टर खाटेशी येतात आणि विचारतात, "आता कसं वाटतंय? फायदा झाला ना?" घरी कधी सोडायचे, हे याच डॉक्टरांच्या हातात आहे. बाई मान डोलावतात, कागदावर खूण होते आणि संशोधनाच्या तक्त्यात एक समाधानी रुग्ण वाढतो. सहा महिन्यांनी त्याच बाईंना त्यांच्या घरी, हा उपचार स्वतः घेतलेल्या कोणी हेच विचारले, तर त्या कदाचित सांगतील, की मन हलके झाले हे खरे, पण धाकट्या बहिणीचे लग्न आठवत नाही. फोटोत मी दिसते, तो दिवस मात्र माझ्याकडे नाही.

या दोन उत्तरांमध्ये किती अंतर पडते, हे लंडनमध्ये प्रत्यक्ष तपासले गेले आहे. तेथील किंग्ज कॉलेजच्या मनोविकार संस्थेत 2001 मध्ये संशोधकांचा एक गट सुरू झाला. त्यातले बरेचसे संशोधक मानसिक आरोग्यसेवा स्वतः घेतलेले होते. गटाच्या प्रमुखांपैकी एक डायना रोज. त्या विद्यापीठात शिकवत असत, आजारपणामुळे ती नोकरी सुटली आणि अनेक वर्षांनी त्या संशोधनाकडे परतल्या, त्या रुग्ण म्हणून आलेला अनुभव लपवून नव्हे, तर त्यालाच आधार करून. विद्युत उपचारांविषयी, म्हणजे आपण ज्याला सर्रास 'शॉक' म्हणतो त्याविषयी, रुग्णांचे मत काय आहे याचा आढावा घेण्याचे काम इंग्लंडच्या आरोग्य खात्याने या गटाकडे सोपवले. आढावा घेणाऱ्यांपैकी दोघांनी हा उपचार स्वतः घेतलेला होता.

हा आढावा 2003 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 35 अभ्यास होते. त्यांपैकी 26 डॉक्टरांनी केलेले, तर 9 रुग्णांनी स्वतः किंवा त्यांना सोबत घेऊन केलेले होते. उपचार एकच, पण डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधानी रुग्णांचे प्रमाण ठळकपणे जास्त, तर रुग्णांच्या अभ्यासांत कमी. आता यावर कोणीही म्हणेल, की नाराज लोकच अशा अभ्यासांकडे वळत असतील. ही शंका रास्त आहे. म्हणूनच आढावा घेणाऱ्यांनी केवळ अभ्यास कोणी केला एवढ्यावर न थांबता प्रश्न कधी विचारला, कुठे विचारला, कोणी विचारला आणि किती प्रश्न विचारले, हेही नोंदवले. उपचारानंतर लगेच, रुग्णालयातच, डॉक्टरांनीच आणि मोजक्या प्रश्नांत विचारले की समाधान वाढलेले दिसत होते. थोडक्यात, 'समाधान' म्हणून जे मोजले जात होते, त्यात डॉक्टरांसमोरचा संकोचही मिसळलेला असू शकतो. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत ज्याने अर्धा दिवस काढला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्मरणशक्तीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. नेहमीच्या चाचण्यांत आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, आत्ता सांगितलेले तीन शब्द पुन्हा म्हणा, असे विचारतात. उपचार संपल्यावर काही काळाने रुग्ण यात बऱ्यापैकी उत्तीर्ण होतो आणि स्मरणशक्ती पूर्ववत झाल्याची नोंद होते. रुग्णांची तक्रार मात्र नवे शब्द लक्षात ठेवण्याची नव्हतीच. स्वतःच्या आयुष्यातले दिवस, माणसे आणि प्रसंग पुसले गेल्याची होती. ज्या चाचणीत तो प्रश्नच नाही, तिच्यात ती हानी दिसणार कशी? आढाव्यातल्या अभ्यासांनुसार, टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण 29 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान होते. ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांची शिखर संस्था तोवर रुग्णांना सांगत होती, की 80 टक्क्यांहून अधिक रुग्ण समाधानी असतात आणि विस्मरण फारसे महत्त्वाचे नसते. या विधानाला आधार नाही, असे आढाव्याने स्पष्ट म्हटले.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. शॉक निरुपयोगी आहे, असे या अभ्यासाने म्हटलेले नाही. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यात तो नैराश्यावर अल्पकाळात औषधांपेक्षाही परिणामकारक दिसला होता. इंग्लंडमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2003 मध्ये मार्गदर्शक सूचना काढताना परिणामकारकतेचा पुरावा आणि रुग्णांचे अनुभव, दोन्ही विचारात घेतले, आणि गंभीर अवस्थांसाठी, इतर उपाय थकल्यावर किंवा जिवाला धोका असताना, हा उपचार राखून ठेवण्यास सांगितले.

मराठीत आपण म्हणतो, 'रुग्णाने संशोधनात भाग घेतला.' हे वाक्य फसवे आहे. रक्ताचा नमुना देणारा भाग घेतो, प्रश्नावली भरणारा भाग घेतो, आणि ती प्रश्नावली कशी असावी हे ठरवणाराही भागच घेतो. आपण येथे ज्याला लोकसहभाग म्हणत आहोत, तो यांतला शेवटचा. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य संशोधनात त्याला चालना देण्यासाठी 1996 पासून स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. समितीच्या बैठकीत एक रुग्ण बोलावून कोपऱ्यात बसवला, चहा दिला आणि इतिवृत्तात नाव लिहिले, एवढ्याने मात्र हे साधत नाही. तोवर प्रश्न ठरून गेलेले असतात.

याच गटाचा 2005 मधला अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. त्यांनी संमतीविषयीचे पुरावे तपासले. सुमारे निम्म्याच रुग्णांना पुरेशी माहिती मिळाल्याचे वाटत होते, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना, संमतिपत्रावर सही केलेली असूनही, आपण मोकळेपणाने होकार दिला असे वाटत नव्हते. कागद पाहणाऱ्याला तेथे फक्त सही दिसते.

भारतात 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी घातली, संशोधनासाठी रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक केली आणि केंद्रीय व राज्य प्राधिकरणांवर मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी जागा ठेवल्या. म्हणजे धोरण ठरवणाऱ्या टेबलाशी खुर्ची कायद्याने दिली आहे. संशोधनाची प्रश्नावली जेथे लिहिली जाते, त्या टेबलाशी अशी खुर्ची या कायद्याने सक्तीची केलेली नाही. तुम्हाला कधी एखाद्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात सहभागी व्हायला सांगितले, तर संमतिपत्र वाचून झाल्यावर एवढे जरूर विचारा: हे प्रश्न तयार करताना हा आजार भोगलेले कोणी तुमच्यासोबत बसले होते का?