अडीच फुटांची भिंत

मित्रहो, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा तरी जन्म १९९३ नंतरचा असेल. तुमच्यासाठी किल्लारीचा भूकंप म्हणजे पाठ्यपुस्तकातली एक ओळ. त्यामुळे सुरुवात त्या रात्रीपासूनच करतो.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गावोगावचे गणपती विसर्जनाला निघाले होते. मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या, गुलालाने माखलेली पोरं घरी येऊन मिळेल त्या जागी आडवी झाली. सप्टेंबर संपत आलेला, हवेत ओल होती, त्यामुळे बहुतेक माणसं घरात झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मोठा धक्का मिनिटभरही टिकला नाही. तेवढ्यात औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांतली गावंच्या गावं खाली बसली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, राजेगाव, होळी, पेठसांगवी, एकुंडी, चिंचोली रेबे, नावं कुठवर घ्यायची? शासकीय हिशेबात मृतांचा आकडा ७,९२८ आहे, काही अहवालांत तो साडेनऊ हजारांच्या पुढे जातो. जखमी सोळा हजारांच्या आसपास.

आता एक दुसरी तारीख सांगतो. १७ जानेवारी १९९४, म्हणजे किल्लारीनंतर चारच महिन्यांनी. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला पहाटे साडेचारला भूकंप झाला. किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा होता, तो ६.७ चा. अर्ध्या अंकाचा फरक किरकोळ वाटतो, पण हे मोजमाप घातांकाचं असतं. ऊर्जेत तो फरक पाचपटीहून अधिक होतो. वेळ तीच, माणसं तशीच गाढ झोपेत, भोवती भलंमोठं शहर. तिथे साठेक माणसं गेली.

ही तुलना पुरती न्याय्य नाही, हे मला मान्य आहे. पण ती मनात ठेवा. मला आज जे सांगायचं आहे ते या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

आधी जमिनीचं बोलू. आमच्या विद्यार्थिदशेत दख्खनचं पठार म्हणजे अढळ, असं शिकवलं जायचं. हिमालय कोवळा आहे, तो हलणार. आपण म्हातारे, आपल्याला काही होत नाही. १९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं दगावली, तेव्हा या समजाला तडा जायला हवा होता. गेला नाही. कारण कोयनेला धरण होतं. धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याने भूकंप घडवला, असं उत्तर मिळालं. ते बरोबरही होतं. धरणप्रेरित भूकंपाचं कोयना हे जगभर दिलं जाणारं उदाहरण आहे. पण त्या बरोबर उत्तराने आपलं एक नुकसान केलं. दोष पाण्यावर गेला आणि पठार निर्दोष सुटलं. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा हा भाग १९९३ साली क्षेत्र एकमध्ये होता, सगळ्यांत कमी धोक्याच्या रकान्यात.

या पठाराच्या पोटात काय आहे, हे आपल्याला किल्लारीतच नीट कळलं. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला लाव्हा. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे खडक. आणि मग अतिप्राचीन पायाचा खडक, दोनशे कोटींहून अधिक वर्षांचा. म्हणजे जो काळा दगड आपण अढळ समजून बसलो होतो, तो नुसती वरची गोधडी. खाली जे अंथरुण आहे, त्याला केव्हाच्या काळातल्या भेगा आहेत. लाव्हाने त्या झाकल्या, सांधल्या नाहीत.

आता दाब कुठून येतो? भारताचा भूपट्ट दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. आपली नखं वाढतात त्याच्या आसपासचा वेग. पुढे आशियाचा पट्ट आडवा आहे. त्या रेट्यातून हिमालय उभा राहिला, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण रेटा फक्त पुढच्या टोकालाच लागतो असं नाही. पुढची बैलगाडी अडली की मागची सगळी रांग दाटते, तसा सगळा द्वीपकल्प दबलेला असतो. जिथे जुनी भेग असते तिथे तो दाब हजारो वर्षं साठत राहतो. किल्लारीखाली अशी एक वायव्य-आग्नेय भेग होती. त्या पहाटे तिच्या नैर्ऋत्येकडचा खडक ईशान्येकडच्या खडकावर चढला. याला आम्ही उलटा प्रस्तरभंग म्हणतो. किल्लारीजवळच्या शेतांत त्याची खूण उमटली होती. जमीन फाटून, उचलून एक ओबडधोबड पायरी तयार झाली होती. पठाराच्या पोटातली गोष्ट अशी वर येऊन दिसणं फार दुर्मीळ. मी ती पायरी पाहिली. शेजारी कोणाची तरी फुटकी घागर पडली होती. पायरीचं मोजमाप वहीत आहे, लक्षात मात्र घागर राहिली.

दुसरी गोष्ट म्हणजे खोली. हा भूकंप जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतच घडला. उथळ भूकंप डोक्याशी फटाका वाजावा तसा असतो, जवळच्याचा कान फाटतो, लांबचा नुसता दचकतो. म्हणून पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वनाश, आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या लातूर शहरात तुलनेने फारच थोडं नुकसान. धक्का मात्र मुंबई, हैदराबाद, बंगळूरपर्यंत जाणवला, कारण जुना घट्ट खडक कंप दूरवर नेतो.

माकणीच्या धरणाने हा भूकंप घडवला का, हा प्रश्न मला दर व्याख्यानात विचारला जातो, म्हणून आधीच बोलतो. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण केंद्राजवळ आहे, हे खरं. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात लहान-मोठे शंभरावर धक्के बसले, हेही खरं. भेगेतल्या पाण्याने किंवा इतर द्रवाने काही भूमिका बजावली का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझं मत असं की ते धरण उथळ आहे आणि साठाही कोयनेच्या मानाने चिमूटभर. बंदूक भरलेलीच होती. शिवाय किल्लारीत आणि जवळच्या तेरमध्ये, त्या सातवाहनकालीन तगर नगरात, जुन्या भूकंपांच्या खुणा शोधणाऱ्या संशोधकांना धरणाच्या कितीतरी आधीचे पुरावे मिळाले आहेत.

त्या १९९२ च्या धक्क्यांनी लोक घाबरले होते. कित्येकांनी रात्री अंगणात काढल्या. मग धक्के थांबले आणि माणसं घरात परतली. आपण कोणीही तेच केलं असतं.

आता घराकडे येऊ. माझा खरा विषय हाच.

भूकंपानंतर दहा-बारा दिवसांनी आम्ही तिघे मोजपट्टी घेऊन त्या भागात हिंडत होतो. पडलेल्या घरात सर्वांत स्पष्ट दिसतं ते भिंतीचं पोट. मराठवाड्यातलं जुनं बऱ्या घरचं घर म्हणजे दगड-मातीची भिंत आणि वर माळवद. भिंतीची जाडी अडीच फूट, कुठे तीन, कुठे चारही. उन्हाळ्यात आत थंडावा, चोराला घरफोडी अवघड. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं कोणालाही वाटेल. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून दिसणारा एक पदर, आतून दिसणारा दुसरा, आणि मधल्या पोकळीत शेतातून वेचलेले गोलगोटे दगड नि चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड आम्ही शोधत होतो. डझनावारी भिंतींत तो सापडला नाही. जमीन हलली की असे पदर सुटतात. बाहेरचा गल्लीत पडतो, आतला अंथरुणावर.

आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-किलच्या, त्यावर माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून नवी माती टाकायची, आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकायची. जुनी कोणी काढत नसे. दोन फूट थर झालेली माळवदं आम्ही मोजली. हिशेब करा, दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ-दहा टन. भरलेला ट्रक डोक्यावर घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या झोपत होती.

काही घरांत लाकडाचे खांब भिंतीपासून सुटे होते आणि खण नीट जोडलेले होते. तिथे भिंती पडल्या तरी माळवद खांबांवर तोलून राहिलं आणि आतली माणसं वाचली. म्हणजे ज्ञान गावातच होतं, पण लाकूड महागत गेलं तसं ते विरळ होत गेलं. आणि तुराट्यांच्या कुडात, पत्र्याच्या छपराखाली राहणारी गरीब माणसं बऱ्याच ठिकाणी सुखरूप निघाली. शेतावर राखणीला गेलेले वाचले. वाड्यातले गेले. आपत्ती गरिबालाच आधी गाठते, असं आपण सहज म्हणून जातो. किल्लारीत हे गणित पुष्कळ घरी उलटं पडलं.

बचावकार्याचंही याच मातीशी नातं आहे. काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅबखाली पोकळ्या राहतात, त्यात माणूस दोन-तीन दिवस तग धरतो. दगड-मातीचं घर पडतं तेव्हा पोकळी राहत नाही, माती नाका-तोंडात जाते. माणूस काही मिनिटांत गुदमरतो. त्यामुळे जे वाचले त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या काही तासांत शेजाऱ्यांनीच हातांनी, टिकावाने, घमेल्याने उपसून काढलं. एक तान्ही मुलगी पाचव्या दिवशी खाटेखाली जिवंत सापडली. तिची बातमी देशभर झाली. ती वाचली, कारण खाटेने पोकळी राखली होती.

यात शासनाला कमी लेखायचं नाही. मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत विसर्जन आटोपून नुकते झोपले होते. खिडक्यांची तावदानं हलली तेव्हा कोयनेला फोन लावून केंद्र कुठे आहे याची चौकशी केली आणि सकाळीच ते किल्लारीत पोहोचले, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. लातूरचे तरुण जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी होते. लष्कर आलं, जखमींना उमरग्याला, सोलापूरला हलवलं. पण लष्कर पोहोचेपर्यंत माती आपलं काम करून चुकली होती. जवानांच्या वाट्याला मुख्यतः प्रेतं आली. त्यात पाऊस लागला. एकेका चितेवर अनेक देह ठेवावे लागले, आणि लाकूड पडक्या घरांचंच होतं, तुळया, खांब, चौकटी. मदतीच्या ट्रकांसोबत बघ्यांच्या गाड्याही आल्या आणि अरुंद रस्ते तुंबले. जुने कपडे तर इतके आले की ते चिखलात तुडवले जात होते.

टिकाऊ कामं पुढे झाली. भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या मदतीने ५२ गावं नव्या जागी वसवली. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं झाली. म्हणजे जुन्या गावातली उतरंड नव्या नकाशातही मापून बसवली. गल्ल्यांच्या जागी रुंद मोकळे रस्ते आले, शेजारीण हाकेच्या टप्प्यातून गेली, ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या बैठकीत, बसणारे म्हातारे कुठे बसावं या विवंचनेत पडले. याहून मोलाचं काम कमी गाजलं. आसपासच्या जिल्ह्यांत दोन लाखांच्या घरात जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्यात गावातल्या बायका संवाद साहाय्यक म्हणून घरोघर फिरल्या, भिंतीला भोक पाडून आरपार दगड किंवा सळईचा काँक्रीटचा ठोकळा कसा बसवायचा, माळवदाची माती कशी उतरवायची, हे समजावत. २००१ साली भुजला लोकांनी स्वतः घरं बांधण्यावर भर दिला गेला, त्यामागे हा अनुभव होता. २००२ च्या भूकंपरोधक बांधकाम मानकातून क्षेत्र एक हा रकानाच काढला आणि किल्लारी परिसर क्षेत्र तीनमध्ये आला.

पण लोकांच्या मनाने दुसराच धडा घेतला, दगड वाईट, सिमेंट चांगलं. दगड बिचारा दोषी नव्हता, जोड नव्हती म्हणून घात झाला. आज आमच्या तालुक्याच्या गावात खाली पार्किंग, बारीक खांबांवर तीन मजले, खांबातल्या सळया आवळणाऱ्या रिंगांमध्ये तब्बल वीतभर अंतर, अशी घरं मी रोज बघतो. तिथेही दोष जोडाचाच आहे, सामान तेवढं बदललं.

काही वर्षांपूर्वी पुनर्वसित गावात गेलो होतो. एका शेतकऱ्याने मिळालेल्या घराला लागून गोठा आणि वर राहायची एक खोली बांधली होती. दगड जुन्या गावठाणातून ट्रॅक्टरने आणलेला, त्याच्याच पडलेल्या वाड्याचा. भिंत अडीच फूट. मी सवयीने पट्टी काढली आणि विचारलं, आरपार दगड कुठेय? तो म्हणाला, "सर, वर गज टाकलाय की. आन्‌ बाहेरून सिमेंटचं प्लास्टर बी केलंय." प्लास्टर गुळगुळीत होतं, त्यामुळे आत काय आहे हे मला बघता आलं नाही. गवंडी कोण होता विचारलं, तर तो तिशीचा, भूकंपानंतर जन्मलेला निघाला.

त्याला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. तासभर आम्ही दोघं एका दगडाच्या ढिगाऱ्यापाशी बसून आलटून-पालटून दगड रचत होतो. दोन फुटांचा लांब दगड कुठे मिळतो, हा त्याचा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता. तसा दगड घडवणारे पाथरवट आता त्या भागात फारसे राहिलेले नाहीत. मग सळई आणि काँक्रीटचा ठोकळा कसा घालायचा ते त्याला वहीत काढून दिलं. पान फाडून त्याने ते टोपीत ठेवलं.

आता पाणी पितो. तोवर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.