भाडेकरू क्लब, मालक महापालिका

(दृश्य: रत्नागिरीजवळची कलमांची बाग, मग सातबाऱ्याचा कागद.)

जमीन एकाच्या नावावर, तिच्यावरची झाडे दुसऱ्याची आणि वहिवाट तिसऱ्याची, अशी प्रकरणे कोकणात गावोगाव सापडतात, आणि अशा वादात उत्पन्न कुणाच्या पदरात पडते हाच खरा प्रश्न असतो, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात फुटबॉल क्लबचे मालक आणि तिथली महापालिका यांच्यात एका स्टेडियमवरून जे भांडण जुंपले, ते याच नजरेने पाहावे लागते.

(दृश्य: स्टेडियमचे बाहेरून चित्रण.)

कॉव्हेंट्री सिटी क्लबने १८९९ पासूनचे हायफील्ड रोड मैदान २००५ मध्ये सोडले आणि जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या, सुमारे ३२ हजार आसनांच्या नव्या स्टेडियममध्ये मुक्काम हलवला. पण पैशाच्या चणचणीमुळे क्लबने स्टेडियमच्या व्यवस्थापन कंपनीतील आपला निम्मा हिस्सा २००३ मध्येच हिग्ज या धर्मादाय संस्थेला विकून टाकला होता, आणि उरलेला निम्मा महापालिकेकडे होता. त्यामुळे ज्या वास्तूची कल्पना क्लबची, तिथेच तो वर्षाला सुमारे १२ लाख पौंड भाडे भरणारा भाडेकरू झाला. पार्किंगचे आणि सामन्याच्या दिवशीच्या खाण्यापिण्याचे उत्पन्नही त्याच्या हाती राहिले नाही. आमच्या मते पुढच्या साऱ्या वादाचे मूळ इथे आहे.

२००७ मध्ये लंडनच्या सिसू या गुंतवणूक संस्थेने क्लब ताब्यात घेतला. एप्रिल २०१२ मध्ये, संघ तिसऱ्या श्रेणीत घसरत असताना, क्लबने भाडे देणे बंद केले. भाडे परवडण्यापलीकडचे आहे, ही मालकांची तक्रार खोटी नव्हती. मात्र कंपनीला अडचणीत आणून तिचा हिस्सा पडेल भावात मिळवावा, हाही त्यामागचा डाव होता, असे उच्च न्यायालयाने पुढे नमूद केले. जानेवारी २०१३ मध्ये महापालिकेने कंपनीचे बँकेचे देणे फेडण्यासाठी १ कोटी ४४ लाख पौंडांचे कर्ज दिले. हा सार्वजनिक पैशाचा बेकायदा वापर आहे, असा दावा सिसूने लावला. तो २०१४ मध्ये फेटाळला गेला आणि २०१६ मध्ये अपिलातही टिकला नाही.

(दृश्य: नॉर्दम्प्टनच्या मैदानाबाहेरची टेकडी.)

या काळात खेळ कुठे चालला होता? २०१३-१४ च्या हंगामात क्लबने घरचे सामने नॉर्दम्प्टनला, सुमारे ५५ किलोमीटरवर, म्हणजे सावंतवाडीच्या संघाने कणकवलीत जाऊन घरचे सामने खेळावेत इतक्या दूर नेले. अनेक निष्ठावंत समर्थकांनी मालकांना तिकिटाचा एक पैसाही द्यायचा नाही असे ठरवले, मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभे राहून मिळेल तेवढा खेळ पाहिला आणि पूर्वीचे प्रशिक्षक जिमी हिल यांच्या नावावरून त्या टेकडीला ‘जिमीज हिल’ असे नाव दिले. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ स्वतःच्या शहरात परतला, तेव्हा जिलिंगहॅमविरुद्धच्या पहिल्याच सामन्याला २७,३०६ प्रेक्षक आले.

पण महिनाभर होतो न होतो तोच व्यवस्थापन कंपनीतील आपला हिस्सा वॉस्प्स या बाहेरून येणाऱ्या रग्बी क्लबला विकण्याचा निर्णय महापालिकेने घेतला. जमिनीची मूळ मालकी तिने स्वतःकडे ठेवली आणि स्टेडियमचा भाडेपट्टा २५० वर्षांचा झाला. वर्षानुवर्षे कोर्टात खेचणाऱ्याशी व्यवहार नको वाटणे स्वाभाविक होते, परंतु त्या रागाची झळ बसली ती महापालिकेला कर भरणाऱ्या समर्थकांनाच. न्यायालयीन लढाई न थांबल्याने वॉस्प्सशी करार जमेना, आणि २०१९ पासून दोन हंगाम क्लबने बर्मिंगहॅममध्ये काढले. त्यातल्या पहिल्याच हंगामात त्याने तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद पटकावले, ही या कथेतली गंमत.

वॉस्प्स २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि स्टेडियम माइक ॲश्ली यांच्या फ्रेझर्स ग्रुपकडे गेले. जानेवारी २०२३ मध्ये डग किंग यांनी सिसूकडून क्लब विकत घेतला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी फ्रेझर्सकडून स्टेडियमही घेतले. तिकिटांबरोबर पार्किंगचे आणि खाण्यापिण्याचे पैसेही आता क्लबच्याच गल्ल्यात पडतात.