क्रियापदाआधी थांबणारी मुलगी

(दृश्य: येळ्ळूर, बेळगाव तालुका. घराची गच्ची. लांबवर राजहंसगड.)

गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकीच्या आडोशाला एक प्लास्टिकची खुर्ची, समोर उलटी घातलेली बादली आणि बादलीवर मोबाइल. टाकीच्या या अंगाला नेटवर्कच्या दोन काड्या दिसतात, त्या अंगाला एकही नाही. या माहितीपटातल्या मुलीनं हे आठवडाभर गच्चीभर फिरून शोधून काढलंय. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला, खाली टीव्हीवर मालिका लागली की ती वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्तानं वर येते आणि कानात इअरफोन घालून थेरपिस्टशी, म्हणजे बोलण्यातून मनावर उपचार करणाऱ्या मॅडमशी, बोलते.

तिचा चेहरा आम्ही दाखवणार नाही आणि नावही सांगणार नाही. घरचे लग्नाला गेले होते त्या एका रविवारी हे चित्रीकरण उरकलं. वय २७. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात ती हिशेब बघते.

येळ्ळूरचं नाव महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत झालं ते २०१४ साली. ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलेला गावाचा फलक कर्नाटक प्रशासनानं काढला आणि त्यावरून रान पेटलं. आमच्या सीमाभागात स्वाभिमान, अस्मिता हे शब्द शाळेत जायच्या आधीपासून कानावर पडतात. पत्रकात, भाषणात, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत. पण तो स्वाभिमान नेहमी ‘आपला’ असतो, गावाचा, भाषेचा, सगळ्यांचा मिळून. एकट्या माणसाला स्वतःविषयी काय वाटतं, याची चौकशी कुणी करत नाही. मी स्वतः बेळगावातल्या वडगावचा. मलाही कुणी केली नव्हती.

(दृश्य: सकाळची बस. खिडकीतून भाताची शेतं, मग शहर.)

एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, ती मराठी माध्यमात होती. वर्गात पहिल्या पाचांत. मग शहरात पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात सगळं इंग्रजी झालं. आमच्याकडच्या मराठी शाळांतून गेलेल्या कुणालाही विचारा, तो आठवडा त्याला आठवत असतो. उत्तर येत असायचं, पण ते इंग्रजीत जुळवेपर्यंत दुसऱ्याचा हात वर गेलेला असायचा. पुढं तिनं हात वर करणंच सोडलं. सायन्स सोडून बी.कॉम. केलं आणि २२व्या वर्षी पुण्यात नोकरी धरली. तिथं तरी मराठी आहे म्हणून.

पुण्यात दुसऱ्याच दिवशी डबा खाताना कुणीतरी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, “मी जेवलो.”

टेबल हसलं. “जेवलो? तू मुलगा आहेस का?”

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी सांगितलो’ असंच बोलतात. तिची आजी असं बोलते, आई असं बोलते, माझीही आई असंच बोलते. यात चुकलेलं काही नाही. ही इथली बोली आहे. पण हसणाऱ्यांना हे कोण सांगणार, आणि २२ वर्षांची मुलगी तर नाहीच नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक क्रियापदाआधी थांबायला लागली. गेलो. नाही, गेले. करतो. नाही, करते. हळूहळू मीटिंगमध्ये बोलणं थांबलं, मग फोन टाळणं सुरू झालं. १४ महिन्यांनी ती परत आली. घरी सांगितलं, पुण्याचं पाणी मानवलं नाही.

तिचं वाक्य तिच्याच शब्दांत ऐका: “सरकारी कचेरीत कन्नड बोलले तर ते हसतात, मराठी बोलले तर पुण्याचे हसतात, आणि इंग्लिश बोलले तर मलाच हसू येतं.”

(दृश्य: रात्र. मोबाइलच्या उजेडात हात.)

रात्री दीडला तिनं पहिल्यांदा शोध घेतला. शब्द इंग्रजी होते, ‘लो सेल्फ एस्टीम’, म्हणजे स्वतःची किंमत कमी वाटणं. मराठीत काय टाइप करायचं ते सुचलं नाही. न्यूनगंड हा शब्द तिला माहीत होता, पण तो शिवीसारखा वाटायचा. खरं तर तो अल्फ्रेड ॲडलर या व्हिएन्नाच्या डॉक्टरच्या संकल्पनेचा मराठी अवतार आहे. आपल्याकडं येऊन तो ‘त्याला न्यूनगंड आहे’ असा दुसऱ्याच्या पाठीमागं वापरायचा शब्द झाला.

एका पानावर दहा वाक्यांची चाचणी होती. एकूणात मी स्वतःवर समाधानी आहे, कधी कधी मी अगदीच निरुपयोगी वाटतो, अशा धर्तीची. ही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मानाची मोजपट्टी, १९६५ सालची. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांतल्या पाच हजारांवर मुलांचा त्यांनी अभ्यास केला होता. तिला ३० पैकी ११ गुण पडले. आकडा लाल रंगात आला आणि खाली बटण होतं, आत्ताच बुक करा. अभ्यासासाठी केलेल्या मोजपट्टीचा असा दुकानाच्या घंटीसारखा उपयोग बघून मला राग येतो, पण खरं सांगायचं तर ते बटण नसतं तर तिनं पुढचं काही केलंच नसतं.

त्या बटणामागच्या ॲपचं नाव सांगत नाही. पॅकेज ४,९९९ रुपयांचं, पैसे आधी. पाच आठवड्यांत तीन थेरपिस्ट बदलले आणि प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून. सगळं इंग्रजीत. ती इंटरनेटवर वाचलेली वाक्यं बोलायची, समोरचा मान हलवायचा. ती म्हणते, “मी सांगत होते ते दुसऱ्याच कुणाचं तरी दुःख वाटायचं.” उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

आता कुणी म्हणेल, बेळगावात डॉक्टर नाहीत का? आहेत. सरकारी बिम्स रुग्णालय आहे, केएलईचं रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण बाकड्यावर बसलं की शेजारी ओळखीचं कोण निघेल याचा भरवसा नाही. शिवाय धारवाड आहे. पाऊणशे किलोमीटरवर. तिथलं मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासूनचं. आज ती डिमहान्स नावाची शिक्षण देणारी, संशोधन करणारी संस्था आहे. पण आमच्या गल्लीत अजूनही कुणी जरा वेगळं वागलं की म्हणतात, ह्याला धारवाडला सोडून या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे, कलम २३. पण ते कलम बाकड्यावर शेजारी बसलेल्या मावशींना लागू नाही. म्हणून गच्ची.

(दृश्य: डायल होणारा क्रमांक, १४४१६.)

पैसे संपले आणि एक रात्र फार वाईट गेली. त्या रात्री तिनं १४४१६ लावला. टेलिमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते. तिनं मराठी निवडली. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का, हे त्यांनी सरळ विचारलं. तिला ते विचारलेलं बरं वाटलं. तसा विचार नव्हता. मग त्यांनी सुचवलं, हे काम एका फोनचं नाही, एकाच माणसाकडं नियमानं जावं लागेल. हा क्रमांक पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवतोय. लिहून घ्या.

दुसऱ्या खेपेला तिनं शोध वेगळा घेतला. ऑफिसातल्या एका जुन्या चलनाच्या (पावतीच्या) कागदाच्या पाठीवर प्रश्न लिहिले. ते चलन तिनं आम्हाला दाखवलं. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी क्रमांक कुठला. या प्रकारचं काम किती केलंय. तुमच्या कामावर दुसरं कुणी अनुभवी देखरेख करतं का. बोलणं रेकॉर्ड होतं का. वेळ रद्द केली तर पैसे किती. आणि शेवटी, दुसऱ्या पेनानं: मराठी चालेल का?

पहिल्या प्रश्नात मेख आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी वगैरे केलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देतो तो हा. व्हिडिओवर तपासण्यालाही मार्च २०२०पासून टेलिमेडिसिनची रीतसर चौकट आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं, आरसीआयकडं, असावी लागते आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. समुपदेशक मात्र या यादीत नसतात. एमए करून वर्षानुवर्षं चांगलं काम करणारे कितीतरी समुपदेशक आहेत, यादीत नाहीत म्हणून ते भोंदू ठरत नाहीत. पण दोन दिवसांचा कोर्स करून ‘माइंड कोच’ झालेलेही त्याच पानावर, तसाच हसरा फोटो लावून बसलेले असतात. म्हणून विचारायचं. क्रमांक विचारल्यावर ज्याला राग येतो, तिथं थांबायचं नाही.

तिनं पाच जणांना लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. एकानं फक्त दर पाठवला, २५०० रुपये. एक चांगल्या होत्या पण मराठी येत नव्हतं. पाचव्या पुण्याच्या, नोंदणी असलेल्या, ५० मिनिटांचे १२०० रुपये. १६ हजारांत घर चालवायला हातभार लावणाऱ्या मुलीला दर आठवड्याला ते झेपणारं नव्हतं. तिनं धीर करून तसं लिहिलं. उत्तर आलं, ८०० द्या, आणि पंधरा दिवसांनी बोलू. मागितलं तर कमी होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पुण्याच्या म्हटल्यावर मी मनात म्हटलं, झालं! जिथं पाय पोळला, तिथंच परत. माझं मत पक्कं होतं, हिला बेळगावचीच बाई पाहिजे.

पहिले दोन गुरुवार तसंच झालं. ती पुस्तकातली मराठी बोलत राहिली, तोलून मापून. तिसऱ्या वेळी मॅडमनी विचारलं, “तुम्ही प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित थांबता. तिथं काय होतं?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. नेटवर्क गेलं असं मॅडमना वाटलं. मग ती म्हणाली, “मी घाबरतो.”

(दृश्य: टाकीवरून ओघळणारं पाणी. निवेदन थांबतं.)

मेलनी फेनेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली आत्मसन्मानाविषयी एक मांडणी केली. कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा उपचार, करणारे बरेच जण ती वापरतात. अनुभवांतून माणूस स्वतःविषयी एक तळाचा निष्कर्ष काढून ठेवतो. हिचा होता, मी अडाणी आहे. तो उघडा पडू नये म्हणून माणूस नियम करतो. हिचा नियम, अचूक येत असेल तरच तोंड उघडायचं. नियम पाळला की सुटल्यासारखं वाटतं, आणि निष्कर्ष कधी तपासलाच जात नाही. तो तपासायचा कसा? बोलून नाही, करून. गृहपाठ मिळाला: पुण्याच्या एका पुरवठादाराला फोन करायचा आणि घरच्या बोलीत बोलायचं. आधी वहीत लिहायचं, काय होईल. तिनं लिहिलं, तो हसेल, शंभरातले नव्वद टक्के.

फोन लावला. “बिल मी काल पाठवलो.”

तो म्हणाला, “त्यावर जीएसटी नंबर चुकलाय, मॅडम.”

नंबर खरंच चुकला होता. वहीतलं ते पान तिनं मला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो.

सगळं असं सरळ चाललं नाही. जूनमध्ये आमच्याकडचा पाऊस सुरू झाला आणि गच्ची गेली. मग भावाच्या उभ्या ओम्नीत बसून, काचा वर करून, छतावरच्या आवाजात ओरडत बोलणं. दोन वेळा तिनं ऐन वेळी रद्द केलं आणि अर्धे पैसे भरले. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा बोलली, पुढच्या वेळी पुन्हा गप्प. रोझेनबर्गची दहा वाक्यं तिनं परत सोडवलीत का, असं मी विचारलं. ती म्हणाली, कशाला?

(दृश्य: रिकामा जिना. वरून उजेड.)

पुढचा प्रसंग चित्रित झालेला नाही, तिनं नंतर फोनवर सांगितला. म्हणून पडद्यावर नुसता जिना आहे.

नववा गुरुवार. बोलणं संपवून ती कपड्यांचा गठ्ठा घेऊन खाली आली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“कुणासंगं बोलालीस गं एवढा वेळ? ऑफिसचंच काय आज बी?”

“नाही. एक मॅडम आहेत, त्यांच्यासंगं बोललो.”

“कसल्या मॅडम?”

“सांगतो. भाकरी वाढ आधी.”