अण्णांच्या मनात काय राहिलं?

नमस्कार श्रोतेहो.

आज मी एका बापाबद्दल बोलणार आहे. हा बाप खरा नाही, टीव्हीच्या मालिकेतला आहे. पण आपल्या सिंधुदुर्गात त्याचं नाव घेतलं की शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत प्रत्येकाला त्याचा चेहरा आठवतो. 'रात्रीस खेळ चाले' मधले अण्णा नाईक. झी मराठीवर 2016 साली ही भयमालिका सुरू झाली. कुडाळ तालुक्यातल्या आकेरी गावातल्या एका वाड्यात तिचं चित्रीकरण झालं, आणि आज बाहेरगावचे पाहुणे तो वाडा मुद्दाम बघायला येतात. 2019 मध्ये दुसरा भाग आला, 2021 मध्ये तिसरा.

मला अण्णांची कीव येते. कीव हा शब्द थोडा वरून बघितल्यासारखा वाटतो, म्हणून सरळच सांगतो, मला त्या माणसाबद्दल जीव तुटतो. त्याची कृत्यं माहीत असूनही तुटतो. अण्णा संशयी, अण्णा रागीट, अण्णा बाहेरख्याली. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा. बायकोच्या, माईच्या आयुष्याचं त्यांनी मातेरं केलं, पोरांना धाकात ठेवलं, माणसांच्या जिवावर उठले. त्यातलं एकही कृत्य मी माफ करायला सांगत नाही. तरीही जीव का तुटतो, ते आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पहिलं कारण मालिकेच्या मांडणीतच आहे. पहिल्या भागाची सुरुवातच अण्णांच्या मरणाने होते. अण्णांचा मुंबईचा मुलगा माधव बायकोला घेऊन धावत येतो, त्याची भावंडं, म्हणजे गावात राहून शेती बघणारा दत्ता असतो, छाया असते, अभिराम असतो. आणि मग त्या वाड्यात जमिनीवरून, हिश्श्यांवरून, जुन्या पापांवरून जे काही सुरू होतं ते आपण भीतभीत बघतो. अण्णा तिथे बहुतेक इतरांच्या बोलण्यातच भेटतात. दुसरा भाग कथेत मागे जातो, आणि नट माधव अभ्यंकरांनी उभे केलेले जिवंत अण्णा समोर येतात: ताठ मान, रोखलेली नजर, खालच्या आवाजातली ती धमकी. आता हे बघताना आपल्याला शेवट आधीच ठाऊक असतो. हा माणूस 'माझं, माझं' म्हणून जे मुठीत धरतोय त्यातलं काहीही उरणार नाही, हे आपल्याला माहीत आहे, त्याला माहीत नाही. तो शेवंतासाठी, दुसऱ्याच्या बायकोसाठी, वेडा होतो तेव्हाही ते माहीत आहे. एखाद्या बांधावरून तो हमरीतुमरीवर येतो तेव्हाही माहीत आहे. रागावता रागावता आपला राग अर्ध्यावरच थांबतो, तो यामुळे.

भयमालिकेत भूत दाखवणं सोपं असतं. पडद्यामागून सावली सरकवली, कुत्रं रडलं, वीज गेली की काम झालं. मला त्या वाड्यात भीती वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. अण्णा घरात येतात आणि माजघरातलं बोलणं थांबतं, तिथे. पडवीत खाकरल्याचा आवाज आला की पोरं पुस्तक नसलं तरी पुस्तक शोधायला लागतात, जेवणाच्या पानावर कुणी मान वर करत नाही, आई डोळ्यांनीच 'गप' म्हणते. कोकणातल्या कितीतरी घरांनी हे अनुभवलंय. तो बाप मारत असे असंही नाही. तो नुसता असे, आणि तेवढं पुरत असे. ज्याला मोठेपणी भुताची भीती वाटत नाही, त्यालाही लहानपणच्या त्या वहाणांचा आवाज ऐकू येतो.

पण श्रोतेहो, ज्याला सगळे घाबरतात तो स्वतः कशाला घाबरतो, हे आपण फारसं विचारत नाही.

इथे थोडं इतिहासात जावं लागेल. आपल्या कोकणात जमीन म्हणजे नुसती मालमत्ता नव्हती. जमिनीवरून माणसाची ओळख ठरायची, देवळात मान कुणाचा, होळीला पुढे कोण, हेही बऱ्याच अंशी त्यावर ठरायचं. 1948 चा कूळकायदा आला, 1949 मध्ये खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द करण्याचा कायदा झाला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला, कसणारा मालक झाला. ते व्हायलाच हवं होतं. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुळांचा तो हक्कच होता, आणि त्यालाही उशीरच झाला. पण त्याच वेळी कितीतरी घरांतले कर्ते पुरुष सातबाऱ्याचा कागद छातीशी धरून बसले. जे उरलं ते तरी जाता कामा नये. मग भावावर संशय, चुलत्यावर दावा, बांध वीतभर सरकला म्हणून सावंतवाडी-कुडाळच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा. पोरगे मुंबईला गिरणीत, गोदीत, मनिऑर्डर पोस्टातून येते, आणि गावात एकटा बाप कुंपणाला काटे लावत फिरतोय.

अण्णांच्या तोंडी हा इतिहास घातलेला नाही. मालिका म्हणजे काही महसूल खात्याचा अहवाल नव्हे. पण इथला प्रेक्षक तो आपोआप जोडतो. कारण असा एक तरी माणूस प्रत्येक वाडीत होऊन गेलाय. सगळं निसटेल, पोरं निसटतील, बायको मनातून निसटली आहेच, या भीतीने त्याने मूठ आवळली, आणि मूठ आवळल्यामुळेच सगळं निसटलं. प्रेम करायची एकच रीत त्याला ठाऊक होती, ताबा घ्यायची. शेवंताच्या बाबतीतही तेच झालं. ती त्याला हवी होती, पण हवी असलेल्या माणसाला मोकळं कसं ठेवायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यानेही शिकून घेतलं नाही. त्यातली दुसरी गोष्ट त्याचा गुन्हा आहे. पहिलीचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे अशा माणसाशी वागायची एक जुनी रीत आहे. दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा येतो, फांदीवर बसतो, आणि शिवत नाही. ऊन चढत जातं. मग घरचे एकमेकांकडे बघायला लागतात. मनात काय रवलाहा, काय राहिलंय? आणि एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलायला लागतो. धाकटीचं लग्न करू. आईला अंतर देणार नाही. त्या कलमांच्या बागेला हात लावणार नाही. जो बोलतोय त्याने कदाचित आयुष्यभर त्या बापाशी धड दोन वाक्यं केलेली नसतात. पण त्या वेळी त्याला बापाच्या मनात शिरावंच लागतं. ह्याला काय हवं होतं? हा कशासाठी तडफडत होता?

कावळ्याला काय कळतं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी त्या पोराकडे बघतोय. नदीकाठी उभं राहून नावडत्या बापाचा विचार आतून करणं ही साधी गोष्ट नाही. आणि लक्षात घ्या, तो तिथे 'तुम्ही चांगले होता' असं म्हणत नाही. निवाडा तिथे होतच नाही. म्हाळाला पान वाढतानाही आपण विचारत नाही की हा पूर्वज दारू पीत होता का, याने भावाला फसवलं होतं का. बापूस तो बापूस. पान वाढायचं. माझ्या मनात अण्णांबद्दल जे आहे ते या जातीचं आहे. भयमालिका बघणारा प्रेक्षक रोज रात्री काही वेळ त्या नदीकाठच्या पोराच्या जागी उभा असतो, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती बोललीच पाहिजे. अण्णा लोकप्रिय झाले, आणि त्यांच्या दराऱ्याची नक्कल करण्यात काही तरुणांना मर्दुमकी वाटू लागली. दशावतारात राक्षसाचं काम करणाऱ्या नटाला आपण दाद देतो, त्याची आरोळी घुमली की अंगावर काटा येतो. पण रात्र सरून देवळाबाहेर पडताना कुणी राक्षस व्हायचं ठरवून घरी जात नाही. अभ्यंकरांच्या कामाला दाद द्यावीच, ती त्यांनी कमावली आहे. पण अण्णांसाठी वाईट वाटणं वेगळं आणि अण्णांवर खूश होणं वेगळं. खूश होणाऱ्याला त्या वाड्यातली माई दिसलेलीच नसते.

शकुंतला नरे यांनी केलेली माई. तिने त्या घरात काय सोसलं, ते बहुतेक वेळा तिच्या कामात असलेल्या हातांवरून कळतं. अण्णा बाहेरून येतात, तिच्या अंगावर खेकसतात, आणि ती ताट वाढते. बापाबद्दल सहानुभूती वाटायला लागली की आपण नेमके आईकडे पाठ करून बसतो, ही आपल्या कथांची जुनी खोड आहे. वाया गेलेल्या पुरुषाच्या दुःखाला आपल्याकडे शब्द पुष्कळ. त्याच्यापायी वाया गेलेल्या बाईला आपण 'सोशिक' म्हणतो आणि पुढे जातो. अण्णांच्या मनात काय राहिलं, हे पोरांनी विचारलं, गावाने विचारलं, तीन भाग प्रेक्षकांनी विचारलं. तोच प्रश्न माईला, ती जिवंत असताना विचारणारा एक पूर्ण भाग कुणी लिहिला, तर मी तो पहिल्या रात्रीपासून बघेन.

नमस्कार.