नोसोस : देहाचा रोग, नगराचा रोग

नमस्कार श्रोतेहो.

रुग्णालयात दाखल झाल्यावर तिथेच जडलेल्या संसर्गाला डॉक्टर ‘नोसोकोमियल’ म्हणतात. आजच्या ग्रीसमध्ये रुग्णालयाला ‘नोसोकोमीओ’ म्हणतात. दोन्हींच्या पोटात एकच जुना ग्रीक शब्द आहे, ‘नोसोस’. नोसोस म्हणजे आजार, रोग. पण प्राचीन ग्रीकांनी तो फक्त देहापुरता ठेवला नाही.

ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात हा शब्द अगदी सुरुवातीलाच येतो, दहाव्या ओळीत. पकडून आणलेली पुजाऱ्याची मुलगी परत द्यायला ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन नकार देतो, म्हणून अपोलो देव चिडतो आणि ग्रीक सैन्यावर बाण सोडतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. नऊ दिवस हे चालतं. इथे नोसोस म्हणजे देवाचा कोप, आणि उपाय एकच, मुलगी परत करून देवाला शांत करणं. हेसिअड हा दुसरा जुना कवी मात्र सांगतो की रोग रात्रंदिवस आपणहून फिरत असतात, तेही गुपचूप, कारण देवांचा राजा झ्यूसने त्यांची वाचाच काढून घेतली आहे. चाहूल न देता येणाऱ्या तापाचं याहून चपखल वर्णन माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेला एक ग्रंथ आला. विषय होता ‘पवित्र नोसोस’, म्हणजे आपलं फेफरं. लेखक पहिल्यालाच ठणकावतो की हा रोग इतर रोगांपेक्षा तसूभरही जास्त दैवी नाही. मंत्र-तंत्रवाल्यांना आपलं अज्ञान झाकायला देव लागतो, एवढंच. पुरावा म्हणून तो बकऱ्यांकडे वळतो. त्यांनाही फेफरं येतं. अशा बकरीचं डोकं फोडून बघा, मेंदू ओलसर आणि घाण वास मारणारा दिसेल. कफामुळे असं होतं, हे त्याचं निदान चुकलं. पण देवाकडे बोट न दाखवता कवटी उघडून बघायची, ही बुद्धी मोठीच म्हणायची.

आता नगराकडे येऊ. नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ नाटकात आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस राजा क्रेऑनला तोंडावर सांगतो : तुझ्या विचारापायी हे नगर आजारी पडलंय. ‘आजारी पडणं’ याचं मूळ ग्रीक क्रियापद नोसोसवरूनच आलेलं. इतिहासकार हिरोडोटस मिलेटस या ग्रीक शहराबद्दल तसंच लिहितो. दोन पिढ्या तिथे दुफळी माजली होती, आणि तो म्हणतो, शहर त्या दुफळीने आजारी होतं.

त्याने सांगितलेला उपचारही ऐकण्यासारखा आहे. मिलेटसच्या लोकांनी मध्यस्थ म्हणून पॅरोस बेटावरची माणसं बोलावली. ही मंडळी ना कुणाची फिर्याद ऐकत बसली, ना कोण खरं कोण खोटं यात पडली. ती मिलेटसचा सगळा मुलूख हिंडली. उजाड रानात कुठे नीट मशागत केलेलं शेत दिसलं की मालकाचं नाव लिहून घ्यायची. अशी शेतं मोजकीच निघाली. शहरात परतल्यावर त्यांनी लोकांना जमवलं आणि कारभार त्याच मालकांच्या हाती सोपवला. ज्यांना स्वतःचं शेत सांभाळता येतं, ते शहरही सांभाळतील, असं म्हणाले. आणि बाकीच्या भांडखोरांना बजावलं, यांचं ऐका.